मागितलेल्या वस्तूंची यादी

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. ज्याने कुणी हे म्हटलं त्याला आमचे डॉक्टर भेटले नसावेत. शिंप्याच्या दुकानावर चौदा पायऱ्या चढून गेलं की उजव्या हाताला त्यांचा दवाखाना. तिथे सव्वीस वर्षं त्यांनी लोकांचे दात कोरले, घासले, बुजवले, उपटले आणि त्यावर घर उभं केलं, मुलीचं लग्न केलं, स्वतःचं पोटही चांगलं ऐसपैस भरलं. अशा माणसाने पुढची दहा वर्षं गुमान दात कोरत बसावं की नाही? पण सुख टोचायला लागलं की माणूस समाजसेवेकडे वळतो.

निमित्त झालं एका दाढेचं. बोटीवर नोकरी करणारा एक इंजिनियर दाढ भरून घ्यायला आला होता. दातांच्या दवाखान्यात गप्पा एकतर्फीच चालतात, पण डॉक्टरांचा हात तोंडातून निघाल्याबरोबर तो म्हणाला, "डॉक्टर, आमची बोट एका बेटावर थांबते. हजारभर वस्ती आहे, आणि दातांचा डॉक्टर नऊ तासांवर. तेही समुद्र शांत असला तर." एवढं बोलून तो गेला. भरलेली दाढ स्वतः घेऊन गेला आणि भुंगा डॉक्टरांच्या डोक्यात सोडून गेला.

डॉक्टरांनी बेटावरच्या शाळेला पत्र लिहिलं की आम्ही येऊन पाच दिवस मोफत दवाखाना चालवू इच्छितो, आपलं काय मत आहे. मत मागायचं म्हणजे निदान महिनाभर काही होणार नाही, असा त्यांचा अनुभव होता. मुख्याध्यापिकाबाईंचं उत्तर आठव्या दिवशी आलं. सुट्टीतला आठवडा त्यांनी ठरवला होता, वर्ग ठरवला होता, आणि सोबत एकशे बारा लोकांची यादी जोडली होती. नावापुढे वय, वयापुढे तक्रार. पहिला होता होड्या बांधणारा, बावन्न वर्षांचा. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'अकरा महिने उजव्या बाजूने जेवलेला नाही.' नवव्या क्रमांकाला एक शिवणकाम करणारी बाई होती. 'हसताना तोंडावर हात धरते.' पत्राच्या शेवटी बाईंनी लिहिलं होतं की काही लोक शेजारच्या बेटांवरून होडीने येतील, त्यांना तारीख कळवून टाकली आहे.

तारीख कळवून टाकली आहे, या चार शब्दांनी डॉक्टरांची परतीची वाट बंद केली. बायकोला यादी वाचून दाखवताना नवव्या क्रमांकाची ओळ त्यांनी दोनदा वाचली. बायको म्हणाली, "अहो, आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. जायचंच."

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले यायला लागले. सल्ला द्यायला माणसाला त्या विषयातलं काही कळावं लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा. खालचा शिंपी म्हणाला, तिकडे वारा फार असतो, पांढऱ्या कोटाला आतून गुंडी लावून घ्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त वकील तीनदा खाली आले, फक्त एवढं सांगायला की परक्या देशात उपटलेला दात कुणाच्या मालकीचा हे आधी लेखी घ्या, नाहीतर पुढे फार जड जातं. डॉक्टरांनी हसून सोडून दिलं, पण नंतर मनाला लागून राहिलं आणि त्यांनी तसा एक कागद खरोखर टाईप करून घेतला. एकशे बारा प्रतींत.

आता ताईंबद्दल सांगायला हवं, कारण डॉक्टरांना स्वतःहून ते सुचणार नाही. ताई दवाखान्याच्या पहिल्या दिवसापासून आहेत. कागदोपत्री मदतनीस. दार उघडणं, फोन घेणं, आलेल्यांना बसवणं, रडणाऱ्यांना गप्प करणं, सगळं त्यांच्याकडे. डॉक्टर काम करताना त्या खुर्चीच्या डाव्या अंगाला उभ्या असतात. डॉक्टरांनी हात मागे केला की हातात वस्तू येते. डॉक्टर वळून बघत नाहीत. सव्वीस वर्षांत चुकीची वस्तू आली असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा ताईंच्या अंगात ताप होता.

"ताई, तुम्हीही येताय," डॉक्टर म्हणाले होते. ताई "बरं" म्हणाल्या. त्या कशालाही बरंच म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी चाकांची एक नवी बॅग चौदा पायऱ्या उचलून वर घेऊन आल्या आणि विचारलं, "विमानात ही चालते ना? जास्त मोठी तर नाही?"

बॅग चालत होती. घोडं पेंड खात होतं ते पासपोर्टापाशी. ताईंच्या जन्मनोंदीत नावाच्या रकान्यात नुसतं 'मुलगी' असं लिहिलेलं होतं. नाव घरच्यांनी नंतर ठेवलं आणि सरकारला कळवायचं राहून गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यात काय, मी येतो बरोबर. आपण शब्द टाकला की काम होतं, असं मध्यमवर्गीय माणसाला आयुष्यभर वाटत असतं. शब्द टाकून आजवर एकही काम झालेलं नसलं तरी वाटत असतं.

पासपोर्टच्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीने सातव्या खिडकीकडे पाठवलं. सातव्या खिडकीतल्या कारकुनाने नोंद वाचली, ताईंकडे बघितलं आणि म्हणाला, "या नावाची व्यक्ती जन्मलेली नाही."

"मग या कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते तुम्ही सिद्ध करायचं."

डॉक्टरांनी आपण डॉक्टर असल्याचं सांगितलं. कशाचे, असं कारकुनाने विचारलं. दातांचे, म्हटल्यावर त्याने खिडकीच्या फटीतून तोंड पुढे करून 'आ' केला. डॉक्टरांनी वाकून, मान वाकडी करून, मागच्या रांगेच्या देखत त्याची अक्कलदाढ तपासली आणि ती काढायला हवी असा निर्वाळा दिला. कारकुनाने आभार मानले आणि जन्मनोंद दुरुस्तीचा अर्ज, दोन साक्षीदार आणि शाळेचा दाखला घेऊन पुन्हा तीन नंबरला जायला सांगितलं. डॉक्टरांचा पारा चढला. घड्याळाकडे बघून ते मोठ्याने म्हणाले, "माझे पेशंट खोळंबलेत," आणि निघून आले. ताई थांबल्या. संध्याकाळी दवाखान्यात येऊन त्यांनी पदर झटकावा तसं एकच वाक्य झटकलं, "नाही झालं, वेळेत नाही होणार." डॉक्टर म्हणाले, जाऊ दे, पुढच्या वेळी बघू. ताई "बरं" म्हणाल्या. बॅग दोन दिवस कपाटामागे होती, मग दिसली नाही.

ताईंच्या जागी आले मेहुणे. बायकोचे थोरले भाऊ. एका कारखान्याचं भांडार सांभाळून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर सांभाळायला काहीच न उरल्यामुळे जगाला भांडार समजून चालणारे. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "सामानाची यादी कोण करतंय?"

"ताईंना विचारतो," डॉक्टर म्हणाले. पण म्हणताना अडखळले. ज्या बाईला आपण मागे ठेवून चाललोय तिलाच, आमची बॅग भरून द्या, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? मेहुण्यांनी ती अडचण हेरली. "दवाखाना तुमचा. तुम्हाला काय लागतं ते दुसऱ्याला कशाला विचारायचं? मी शास्त्रशुद्ध यादी करतो."

शास्त्र असं होतं. मेहुणे तीन दिवस दवाखान्याच्या कोपऱ्यात स्टुलावर वही घेऊन बसले आणि डॉक्टरांनी जी जी वस्तू मागितली ती ती त्यांनी लिहून घेतली, वेळेसकट. किती वेळा मागितली त्यावरून किती न्यायची, असा हिशेब. भुलीची औषधं, सुया, सिमेंट, टाक्याचा दोरा, वेगवेगळ्या दाढांचे चिमटे, तारा वाकवायची पकड. यादीत 'चहा' अकरा वेळा आणि 'पंखा कमी करा' सहा वेळा आलं होतं, ते मेहुण्यांनी मोठ्या मनाने गाळलं. यादी अकरा पानांची झाली. डॉक्टरांनी ती वाचली आणि आपण एवढ्या सामानानिशी काम करतो हे बघून त्यांना स्वतःबद्दल आदर वाटला.

पेट्या भरून झाल्या त्या दिवशी ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "एकदा नजर टाकू का?"

"सील झाल्या," मेहुणे म्हणाले.

सात पेट्या. त्यांतल्या दोन पेट्यांत दोन मोठे कुकर होते, कारण हत्यारं उकळून वाफवायला बेटावर दुसरी सोय नव्हती. जागा वाया जाऊ नये म्हणून बायकोने चिमटे जुन्या सुती चादरींच्या तुकड्यांत गुंडाळून कुकरांत बसवले होते. संसारी बाईचा हात, एक इंच रिकामा सोडला नव्हता. या हुशारीचं चीज परक्या देशाच्या तपासणी नाक्यावर झालं.

"हे काय?" तिथल्या अधिकाऱ्याने कामापुरत्या इंग्रजीत विचारलं.

"कुकर."

"आणि आत?"

"दात उपटायचे चिमटे."

अधिकाऱ्याने झाकण पुन्हा लावलं आणि जरा मागे सरकला. मग त्याने फॉर्म वाचला. सामान कशासाठी, या प्रश्नापुढे मेहुण्यांनी 'भेटवस्तू' लिहिलं होतं, कारण उरलेले पर्याय 'विक्री' आणि 'शस्त्रं' असे होते. सेहेचाळीस चिमटे कुणाला भेट देणार, असं अधिकाऱ्याने विचारलं. डॉक्टरांनी डॉक्टर असल्याचं प्रमाणपत्र काढलं, चारित्र्याचा दाखला काढला, त्या देशाच्या आरोग्य खात्याची तात्पुरती परवानगी काढली, आणि त्या गडबडीत वकिलांनी सुचवलेले एकशे बारा कागदही बाहेर आले. उपटलेल्या दाताच्या मालकीचा कागद अधिकाऱ्याने दोनदा वाचला. त्यानंतर तिघांना एका बाकावर बसवून ठेवण्यात आलं.

दोन तास गेले. डॉक्टरांनी आवाज चढवून पाहिला, मेहुण्यांनी यादीची अकरा पानं दाखवून पाहिली. दातांच्या कण्या केल्या म्हणा ना. शेवटी बायको उठली. तिने पिशवीतून मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र काढलं आणि अधिकाऱ्यापुढे ठेवलं. तो वाचायला लागला. वाचता वाचता एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. "एकतीस नंबर माझी आत्या आहे," तो म्हणाला. "दोन वर्षं ती मऊ भातावर आहे." मग त्याने सातही पेट्यांवर शिक्के मारले, आणि एक पेटी स्वतः उचलून बोटीपर्यंत आणून दिली. डॉक्टरांना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याला आत्याचा नंबर वर घेण्याचं वचन देऊन टाकलं.

बेटावरची शाळा लांबोडकी होती, कौलांची, समुद्राला पाठ करून बसलेली. मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गातले बाक हलवून घेतले होते, फळा पुसून त्यावर तीन भाषांत 'स्वागत' लिहिलं होतं. सकाळी आठला रांग वर्गातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून मैदानात आणि मैदानातून फाटकाबाहेर गेली होती. होडीने आलेली माणसं ओल्या पायांनी उभी होती. कुणी बोलत नव्हतं. दुखणाऱ्या दातांची माणसं मुळात कमीच बोलतात.

पहिला अर्थात होड्या बांधणारा. रुंद खांद्यांचा माणूस, पण खुर्चीत अंग चोरून बसला. डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला, हातमोजे चढवले, रुग्णाला तोंड उघडायची खूण केली आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने उजवा हात मागे केला.

हातात काही आलं नाही. डॉक्टरांनी हात जरा हलवला. मागे उभ्या बायकोने त्या हाताकडे बघितलं. अहोंना परक्या मुलखात धीर हवा असेल असं तिला वाटलं, आणि तिने आपला हात त्यात ठेवला.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"मग काय हवंय?"

डॉक्टरांना क्षणभर सांगता येईना. मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांना आरसा हवा होता. तोंडात घालून दाढेची मागची बाजू बघायचा, लांब दांड्याचा, रुपयाएवढा आरसा. त्याच्याशिवाय दातांचा डॉक्टर म्हणजे दिव्याशिवाय विहिरीत उतरलेला माणूस. "आरसा द्या," ते म्हणाले.

पहिल्या पेटीत आरसा नव्हता. दुसऱ्या पेटीत नव्हता. सातही पेट्या उघडल्या, कुकर उघडले. पकडी होत्या, तारा होत्या, चार तऱ्हेचं सिमेंट होतं. आरसा एकही नव्हता. लाळ टिपायच्या कापसाच्या वळ्या नव्हत्या. चूळ भरायचे पेले नव्हते. मेहुण्यांनी शांतपणे वही उघडली, अकराच्या अकरा पानं तपासली आणि म्हणाले, "तीन दिवसांत तुम्ही आरसा एकदाही मागितलेला नाही. कापूसही नाही. माझ्याकडे वेळेसकट नोंद आहे."

आणि ते खरं होतं. आरसा डॉक्टरांनी आयुष्यात कधी मागितलाच नव्हता. जे रोज लागतं ते मागायच्या आधी हातात यायचं. अधूनमधून लागायचं तेवढंच मागावं लागायचं, आणि तेवढंच सात पेट्यांत भरून, समुद्र ओलांडून, शिक्के मारून इथवर आलं होतं.

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण बाहेर रांग होती. त्यांनी आरशाशिवाय बघायचा प्रयत्न केला. आधी खाली वाकले, मग गुडघ्यावर बसले, आणि शेवटी वरच्या दाढेचा मागचा भाग दिसावा म्हणून ते खुर्चीशेजारी जमिनीवर उताणे झाले. दारातली माणसं सरकून पुढे आली. पहिल्याच रुग्णाला बघून डॉक्टर आडवा झाला, ही बातमी फाटकापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी अदबीने विचारलं, आपल्याला बरं वाटत नाही का?

"अहो," बायको खाली वाकून म्हणाली, "ताईंना फोन लावा."

"ताई तिथून काय करणार? आरसा फुंकून पाठवणार?"

"तुम्ही लावताय की मी लावू?"

डॉक्टर उठून बसले. लाज वाटत होती ती आरशाची नव्हे, फोनची. त्या खिडकीपाशी ज्यांना एकटं सोडून आलो त्यांच्याकडेच आता हात पसरायचा. बाहेर बघितलं तर शिवणकामवाली बाई रांगेत नवव्या जागेवरच उभी होती, तोंडावर हात धरून. डॉक्टरांनी फोन लावला. वर्गाच्या एकाच खिडकीत रेंज होती, तिथे जाऊन उभे राहिले.

पहिल्या घंटीला उचलला गेला. पडद्यावर ताई दिसल्या, आणि त्यांच्यामागे दवाखान्याचं कपाट.

"तुम्ही दवाखान्यात? दवाखाना तर बंद आहे," डॉक्टर म्हणाले.

"बंदच आहे. फोन वाजला तर कुणीतरी नको का?" ताई म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून, "आरसे नाहीत ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही गेल्यावर आवरायला घेतलं, तर डाव्या कप्प्यात सगळे तसेच. दोनदा फोन केला मी. भाऊसाहेबांनी उचलला. म्हणाले, सगळं यादीबरहुकूम आहे."

मेहुणे खिडकीतून समुद्र बघायला लागले. ताईंनी तो विषय तिथेच सोडला. "मला खोली दाखवा," त्या म्हणाल्या. "सगळीकडे फिरवा. सावकाश." डॉक्टरांनी फोन फिरवला. "शाळेत मुलं जेवत असतील ना? मग चमचे असतील. लहान, नवे, चकचकीत बघून घ्या. तारा वाकवायची पकड नेलीत ना, तिने मान वाकवा. पाठीची बाजू वापरा, पोटाची नको, पोटात उलटं दिसतं. कुकरमध्ये घाला, वीस मिनिटं. आणि ते चिमटे कशात गुंडाळलेत?"

"चादरीत," बायको म्हणाली.

"वहिनी, सुती आहेत? मग त्याच कापा. बोटभर पट्ट्या, वळून कुकरला लावा. झाला कापूस."

अर्ध्या तासात दोन्ही कुकरांच्या शिट्ट्या व्हायला लागल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी चाळीस चमचे आणून दिले, कशाला ते विचारलंही नाही. तारा वाकवायची पकड पहिल्यांदाच कामाला आली. डॉक्टरांनी वाकवलेला चमचा होडीवाल्याच्या तोंडात घातला, दिवा पाडला, आणि चमच्याच्या पाठीवर जराशी पसरट, पण स्वच्छ अशी किडलेली दाढ दिसली. एवढी सुंदर दाढ त्यांनी कधी बघितली नव्हती. त्यांना गहिवरून आलं.

फोन ठेवायला गेले तर ताई म्हणाल्या, "राहू दे चालू. खुर्ची खिडकीकडे घ्या." खुर्ची सरकली. फोन धरायचं काम मेहुण्यांकडे आलं, आणि खरं सांगायचं तर त्या माणसाने ते मनापासून केलं. पाच दिवस ते खिडकीत, कोपर कोनात ठेवून, ताई म्हणतील तसे वळत उभे राहिले. आयुष्यात प्रथमच त्यांनी काही लिहून घेतलं नाही.

डॉक्टरांनी हात मागे केला की घड्याळात तीन तास पुढे असलेल्या दवाखान्यातून ताई सांगायच्या, "वहिनी, डावीकडून तिसरा," आणि बायको तो ठेवायची. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तर बायकोला सांगावंही लागेना. ताईंचं लक्ष रांगेवरही असायचं. "तो निळ्या सदऱ्यातला माणूस मघापासून डोळे मिटून उभाय, त्याला आधी घ्या. त्या आजींना बसायला द्या." भाषेचा प्रश्न मुख्याध्यापिकाबाई सोडवत होत्या, पण सगळ्या वेळी नाही. फोनमधून ताईंनी "आ करा" म्हटलं की माणूस आ करायचा. तिसऱ्या दिवशी रांगेतली माणसं आत आल्यावर आधी फोनला नमस्कार करून मग खुर्चीत बसायला लागली. एका म्हाताऱ्याने डॉक्टरांना तोंड दाखवायला साफ नकार दिला आणि फोनपुढे जाऊन जबडा उघडला. डॉक्टर बाजूला उभे राहिले. मान दुखावला म्हणावं तर दुखावला होता, पण त्यांना त्याचं विशेष वाईट वाटेना, आणि याचंच त्यांना नवल वाटत होतं.

एकतीस नंबरची आत्या पहिल्याच दिवशी झाली. नवव्या क्रमांकाच्या बाईचे पुढचे दोन दात डॉक्टरांनी दोन बैठकांत भरले. झाल्यावर तिला चमचा दिला, तिने त्याच्या पाठीवर स्वतःचे दात बघितले आणि हसली. सवयीने हात वर गेला, आणि मग तिने तो आपणच खाली घेतला. बायको खिडकीकडे तोंड करून पट्ट्या मोजत बसली. त्या आधीच मोजून झालेल्या होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी शेवटचा रुग्ण उठला. एकशे बाराचे एकशे एकतीस झाले होते. उपटलेल्या दाताच्या मालकीवरून एकही वाद उद्भवला नाही, आणि सही न झालेले ते कागद मुख्याध्यापिकाबाईंनी पाठीमागच्या बाजूला चित्रं काढायला मागून घेतले. मग बाईंनी सगळ्यांना वर्गात बोलावलं आणि छोटंसं भाषण केलं. डॉक्टर देवासारखे आले, असं काहीतरी म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते डॉक्टरांकडे बघायला लागले.

डॉक्टर उठले. घसा खाकरला. मग ते लोकांकडे पाठ करून खिडकीकडे वळले, जिथे मेहुणे फोन धरून उभे होते.

"ताई," ते म्हणाले, "हे तुमच्यामुळे झालं. इथलंच नाही, तिथलंही. सव्वीस वर्षं मी समजत होतो की हात माझा चालतो. तुम्ही काय काय करता हे मला माहीतच नव्हतं, कारण मला कधी मागावं लागलं नाही. मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो. मी तुमचा फार ऋणी आहे."

मुख्याध्यापिकाबाईंना भाषांतर करायचं सुचलं नाही. फोनमधून आवाज आला नाही. रेंज गेली की काय म्हणून मेहुण्यांनी कोपर दोन बोटं वर घेतलं.

"डॉक्टर," ताई म्हणाल्या, "हातमोजे काढून तुम्ही हात धुतलेले नाहीत. मघापासून बघतेय. आधी हात धुवा, मग बोला."

डॉक्टर व्हरांड्यातल्या नळावर गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि पुसत पुसत परत आले. पडद्यावर आता ताई नव्हत्या. दवाखान्याचं छत दिसत होतं, आणि बाजूने कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज येत होता.

डॉक्टर छताला म्हणाले, "पुढच्या वर्षी तुम्ही येताय. परत आल्याबरोबर मी पासपोर्टच्या कचेरीत जातो. रांगेत मी स्वतः उभा राहतो."

"तुम्ही नका उभे राहू," छताकडून आवाज आला. "नको ते कागद घेऊन जाल. कागद माझे मी बघते." मग जरा थांबून, "तुम्ही नुसते सोबत या. फक्त या वेळी मध्येच निघून जाऊ नका."

"नाही जाणार," डॉक्टर म्हणाले.